काटकोनांचा आरसा

एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता काटकोनांची मान अडकली. डावीकडे जाईना, उजवीकडे जाईना, आणि वर तर नावच नको. त्यांनी ब्रश तोंडात तसाच ठेवून बायकोला हाक मारली. ती आली तेव्हा तिच्याकडे बघायला म्हणून ते वळले, ते अख्खेच्या अख्खे. लाकडी कपाट सरकवावं तसे.

"हे काय?" बायको म्हणाली.

"मान," काटकोन म्हणाले, आणि फेस गळ्यावर उतरला.

काटकोन हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात ते नकाशे काढायचे. शहराच्या पोटातून कुठली वाहिनी कुठून निघते, कुठे वळते आणि कुठे गळते हे त्यांना तोंडपाठ होतं. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे, चपला भिंतीला समांतर, टॉवेल दोरीवर दोन्ही बाजूंनी सारखा लोंबता. कचेरीतल्या लोकांनी वीस वर्षांपूर्वी त्यांचं बारसं केलं. बायकोने ते नाव एका निरोपसमारंभात ऐकलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि त्या दिवसापासून घरातही तेच रूढ झालं. तोंडावर मात्र ती "अहो"च म्हणायची.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी मान दाबून, खेचून, टकटक वाजवून पाहिली.

"बत्तीस वर्षं कागदावर मान घालून बसलात. आता तिने संप पुकारलाय. सहा आठवडे पट्टा. आणि मागे वळून बघायचं नाही."

"अजिबात?"

"गेलेलं आयुष्य आठवायला हरकत नाही. मान वळवायची नाही."

"आणि सायकल?"

"मागे न बघता चालवता येत असेल तर चालवा. नाहीतर आरसा बसवा."

काटकोनांनी डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट सांगितली नाही. त्यांची मान नुसती नकाशांनी दुखावली नव्हती. रोज सकाळी ती दोघं आपापल्या सायकलींवर एकत्र निघत. बायको वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर होती, काटकोनांची कचेरी वाटेत लागायची, वाचनालय तिच्यापुढे. काटकोन पुढे आणि बायको मागे, हा क्रम लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी ठरला, कारण रस्ता त्यांना माहीत होता. आता सव्वीस वर्षांत रस्ता तिलाही माहीत झाला असणार, पण क्रम तोच राहिला. आणि त्या चार किलोमीटरांत काटकोन बोलत. पाण्याचा दाब, झडपा, नवे अभियंते, जुने अभियंते. दर दीड मिनिटाला मान मागे वळवून विचारत, "कळलं का?" मागून उत्तर यायचं, "हं."

दीड मिनिटाला एकदा, सव्वीस वर्षं. मानेचा हिशोब कुणीही करावा.

शनिवारी दुपारी दोघं सायकलच्या दुकानात गेली. दुकान एका बाईंचं होतं. वडिलांकडून त्यांना दुकान मिळालं होतं आणि कोपरापर्यंत काळे हातही. त्यांनी फळीवरून आरशांचं खोकं काढलं आणि एकेक आरसा ओट्यावर मांडला. एक लांब दांड्याचा, हँडलवर शिंगासारखा उभा राहणारा. एक नाण्याएवढा, हेल्मेटला चिकटवायचा. एक हँडलच्या मुठीच्या टोकात खुपसायचा. आणि एक मनगटावर बांधायचा, घड्याळासारखा.

"सपाट काच हवी की फुगीर?" बाईंनी विचारलं.

"फरक काय?"

"सपाट काचेत असतं तसंच दिसतं, पण खिडकीतून बघितल्यासारखं, तेवढंच. फुगीर काचेत सगळा रस्ता मावतो, पण मागचा ट्रक खेळण्यातला वाटतो. लांब आहे, लांब आहे म्हणेपर्यंत खांद्यावर."

"शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, पुढचं पाठ, मागचं सपाट," बायको म्हणाली. "तुम्ही सपाटच घ्या, शोभेल."

काटकोनांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी खिशातून घडीची पट्टी काढून फुगीर आरसा मोजायला घेतला. "याची वक्रता किती?"

"काय किती?"

"म्हणजे काच किती फुगलीय?"

"दुपारच्या जेवणानंतर मी फुगते तेवढी," बाई म्हणाल्या. "साहेब, घाई नाही, पण माझी तीन पंक्चरं पडलीत."

शेवटी काटकोनांनी मनगटाचा आरसा निवडला. कारण सरळ होतं. हँडलच्या एका टोकाला आरसा लावला की दुसरं टोक उघडं पडतं. सायकल लंगडी दिसते. असली लंगडी वस्तू घेऊन ते चारचौघांत फिरणार नव्हते.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात," बायको म्हणाली, "इथे आरशाचंच कांकण झालं."

सोमवारी कांकण चढवून काटकोन निघाले. गळ्यात पट्टा, नजर समोर. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात तो आता शब्दशः तसाच झाला होता. पहिल्या चौकाआधी त्यांनी मागचं बघायला हात वर केला. मागून येणाऱ्या टेंपोवाल्याला वाटलं, हे वळताहेत. त्याने ब्रेक मारला. त्याच्या मागच्याने मारला, त्याच्याही मागच्याने मारला. काटकोन सरळ निघून गेले. टेंपोवाला शेजारी येऊन खिडकीतून ओरडला, "काका, वळायचंय की किती वाजले ते बघायचंय?"

पुढच्या चौकात त्यांनी पुन्हा हात वर केला तेव्हा फुटपाथवरच्या एका अनोळखी बाईंनी हसून हात हलवला. काटकोनांना उत्तर द्यावंच लागलं. या सगळ्यात त्यांना आरशात काय दिसलं म्हणाल, तर पट्टा आणि स्वतःची हनुवटी, खालून.

मंगळवारी संध्याकाळी ते पुन्हा दुकानात हजर, मागोमाग बायको.

"मला वाटलंच," सायकलवाल्या बाई म्हणाल्या आणि मुठीच्या टोकाचा फुगीर आरसा पुढे सरकवला. "लंगडी दिसत असेल तर दोन लावा."

"दोन नकोत," बायको म्हणाली. "एकातच सहा आठवडे जातील."

काटकोनांनी एकच घेतला. दुसऱ्या टोकात मात्र त्यांनी आरशाच्याच वजनाचा एक बोल्ट बसवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून.

आरसा विकत घेणं सोपं असतं. खरी साडेसाती तो लावताना सुरू होते. रविवारी सकाळी काटकोनांनी घरामागच्या गल्लीत खडूने खुणा केल्या. पाच मीटर, दहा मीटर, पंधरा मीटर. सायकल भिंतीला टेकवून ते तिच्यावर बसले आणि बायकोला पाच मीटरच्या खुणेवर उभं केलं. ती येताना कादंबरी घेऊनच आली होती.

"दिसतेय का मी?" पान उलटत तिने विचारलं.

"तुझा डावा खांदा दिसतोय."

"आणि बाकीची मी?"

"बाकीच्या जागी माझं कोपर आहे."

ते उतरले, षटकोनी चावीने स्क्रू सैल केला, आरसा किंचित बाहेर वळवला, स्क्रू आवळला आणि पुन्हा बसले. आता शेजारच्यांची खिडकी दिसत होती आणि खिडकीतले शेजारी दाढी करत होते. पुन्हा उतरले. पुन्हा बसले. आता स्वतःचं पोट. फुगीर काच असूनही ते मोठंच दिसत होतं. चौथ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं की उतरल्यावर आरसा जसा दिसतो तसा बसल्यावर दिसत नाही, आणि बसल्यावर चावी घेऊन वाकायचं तर पट्टा आडवा येतो.

"अगं, तूच ये. मी बसतो, तू फिरव."

बायकोने पानात बोट घालून पुस्तक मिटलं, खुणेवरून आली आणि एका हाताने चावी धरली.

"वर. अजून वर. एक केस वर. केस म्हटलं, वेणी नव्हे!"

"मग केस मोजून दाखवा."

"आता खाली. हां. थांब. हलू नकोस. आता जाऊन दहा मीटरवर उभी राहा."

ती गेली. आरशात ती पूर्ण आली, डोक्यापासून चपलेपर्यंत, बोटाएवढी.

"दिसतेस! पण तिरकी दिसतेस."

"मी सरळ उभी आहे. तिरकी कोण आहे ते तुमचं तुम्ही ठरवा."

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका गॅलरीत येऊन बराच वेळ बघत होत्या. त्यांनी विचारलं, "शूटिंग आहे का?"

"हो," बायको म्हणाली. "भयपट."

अकरा वाजता आरसा बसला. सोमवारी सकाळी पहिल्याच गटाराच्या झाकणावरून चाक गेलं आणि आरसा आभाळाकडे बघायला लागला. स्क्रू घट्ट आवळला तर आरसा जागचा हलवता येईना, जरा सैल ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला मान टाकी. मालकासारखाच. तीन दिवस काटकोनांनी आरशात ढग, तारा आणि तारांवरची कबुतरं पाहिली. बायकोने रोज संध्याकाळी विचारावं, "आज काय दिसलं?" आणि त्यांनी म्हणावं, "आभाळ." बुधवारी सायकलवाल्या बाईंनी जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून सांध्यात घातली. "हे तुमच्या डॉक्टरांना सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

गुरुवारी आरसा टिकला.

त्या दिवशी विषय मोठा होता. चौकाजवळ नवी वाहिनी टाकायची होती, आणि तिचा नकाशा काटकोनांनी स्वतः काढला होता. ते रंगात येऊन बोलत होते. जुन्या वाहिनीला कसा गंज चढला, नवा अभियंता कसा म्हणाला की अजून पाच वर्षं जाईल, आणि आपण त्याला कसं गप्प केलं. बोलता बोलता त्यांनी आरशात नजर टाकली. रस्ता होता. एक बस होती. एक झाड होतं. बायको नव्हती.

सवयीने ते मागे बघायला गेले. मान वळेना. ते थांबणार तेवढ्यात आरशाच्या कोपऱ्यात, खूप मागे, ती दिसली. सायकलवरून एक पाय खाली टेकवून ती इस्त्रीवाल्या बाईंशी बोलत होती. निवांत. हातवारे करून. मग तिने पुढे पाहिलं, पायडल मारलं, आणि बघता बघता बोटाएवढीची हाताएवढी होत ती मागे येऊन हजर झाली.

"कळलं का?" काटकोनांनी विचारलं.

"हं," बायको म्हणाली. "बरोबर केलंत तुम्ही."

काटकोन कचेरीत दिवसभर हिशोब करत होते. सव्वीस वर्षांत आपण किती वेळा एका इस्त्रीवाल्या बाईला, एका बसला आणि एका झाडाला पाण्याचा दाब समजावून सांगितला असेल याचा अंदाज लागेना. संध्याकाळी तिला चांगलं खडसवायचं असं ठरवून ते घरी आले.

"मग? बसला का आरसा?" चहा ओतता ओतता तिने विचारलं.

काटकोनांनी तोंड उघडलं, आणि त्यांना वाटलं, आणखी एक दिवस बघू तरी.

"छे," ते म्हणाले. "अजून आभाळच दिसतंय."

आयुष्यात प्रथमच ते इतकं सफाईदार खोटं बोलले आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

शुक्रवारी ती मागेच होती, आणि तिचे ओठ हलत होते. काटकोनांना वाटलं, गुणगुणतेय. मग नीट बघितल्यावर कळलं की ती त्यांचंच वाक्य बोलतेय, त्यांच्यासारख्याच भुवया चढवून, आणि तेही त्यांच्या अर्धा सेकंद आधी. "झडप ही झडप असते," असं ते म्हणणार तोच आरशातली बायको ते म्हणून मोकळी झाली होती. त्यांनी परीक्षा म्हणून वाक्य मध्येच बदललं. ती दचकली. काटकोनांना हसू आवरेना. पट्ट्यामुळे मागून ते दिसत नव्हतं, हे बरं.

शनिवारी तिने चालत्या सायकलवरून एका कुत्र्याला नावाने हाक मारली, आणि तो कुत्रा बराच लांबपर्यंत तिच्याबरोबर धावला. म्हणजे त्यांची जुनी ओळख होती.

मग सोमवार आला. छापखान्याच्या लांबलचक भिंतीजवळ रस्त्याला उतार आहे. काटकोन तिथे नेहमी दोन्ही ब्रेक हलके दाबून उतरत आणि मागे ओरडून सांगत, "ब्रेक!" त्या दिवशीही त्यांनी सांगितलं. आरशातल्या बायकोने त्यांच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग ती ताठ बसली आणि तिने हँडल सोडलं. एक हात नव्हे, दोन्ही. तिने चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला, दोन्ही काचा सावकाश पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, चष्मा परत घातला आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली. अजून उतार उरला होता. तो तिने दोन्ही हात पसरून पार केला.

चोपन्न वर्षांची बाई. गुडघ्यांना तेल लावणारी. वाचनालयात "शांतता राखा" या पाटीखाली बसणारी. आधी त्यांना भीती वाटली, मग राग आला, आणि मग तिसरंच काहीतरी वाटलं, ज्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. तिच्या तोंडावर जे होतं ते त्यांनी घरात कधी पाहिलं नव्हतं.

बोलावं, तर ती थांबेल. आणि ती थांबू नये असं त्यांना फार वाटलं.

त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी आभाळ, दुसऱ्या संध्याकाळीही आभाळ. बायको म्हणायची, "टाकून द्या तो आरसा." ते म्हणायचे, "राहू दे, सवय होईल." आता उतार जवळ आला की ते मुद्दाम मोठ्याने बोलायला लागायचे, म्हणजे तिला वाटावं की स्वारी आपल्याच तंद्रीत आहे. ब्रेक जरा जास्त दाबायचे, म्हणजे उतार लांबेल. रोज काहीतरी नवं असे. एकदा तिने हात सोडून केस नीट बांधले. एकदा डब्यातली दोन द्राक्षं खाल्ली. एकदा नुसतीच हाताची घडी घालून राणीसारखी उतरली.

असे बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी खणकाम त्या उताराच्या तळाशी सुरू झालं. कुठे, किती, कसं हे काटकोनांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आदल्या संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं, सकाळी चहाच्या वेळी सांगितलं होतं आणि उतारावरही तेच सांगत होते.

"चर साठ सेंटीमीटर रुंद! तळाला वाळूचा थर! वाळू चाळून घ्यायची असते, हे त्या पोराला कोण सांगणार!"

आरशात बायको हात सोडून चष्मा पुसत होती. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर पाहिलं, तिचे डोळे मोठे झाले आणि तोंड उघडलं.

"वाळू!" ती म्हणाली. "वाळू! वाळू!"

काटकोनांना गहिवरून आलं. नक्कल असेल, पण काय जीव ओतून करतेय! इतक्या मनापासून वाळू या विषयात आजवर कुणीही भाग घेतला नव्हता.

आणि पुढचं चाक वाळूत रुतलं. आधी लाल-पांढरी फीत आली, ती त्यांच्या छातीवर ताणली आणि तटकन तुटली. मग सायकल जागच्या जागी थांबली, काटकोन थांबले नाहीत. ते हँडलवरून पलीकडे गेले आणि ढिगावर तोंडघशी पडले. मानेचा पट्टा हनुवटीखाली होता म्हणून दात वाचले. चर तिथून हातभर होता.

खणणाऱ्या लोकांनी फावडी टाकली. मुकादमाने त्यांना ओळखलं.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "पाहणीला आलात?"

"वाळू चाळलेली नाही," काटकोन म्हणाले आणि थुंकले.

बायको सायकल आडवी टाकून धावत आली. तिने त्यांना बसतं केलं, हात वाकवून पाहिले, पाय वाकवून पाहिले, कानातली वाळू झटकली. सगळं शाबूत आहे याची खात्री पटली आणि मग ती कडाडली.

"काल संध्याकाळी सांगितलंत, आज सकाळी सांगितलंत! चौकाच्या अलीकडे तीस मीटर, वाळू डाव्या हाताला, फीत लाल-पांढरी! मला पाठ आहे, आणि तुम्हाला दिसली नाही? तुम्ही बघत कुठे होता?"

"मागे."

"मागे कुठे? मान वळते का तुमची?"

काटकोनांनी आरशाकडे पाहिलं. सायकल ढिगात अर्धी गाडली गेली होती, पण आरसा तसाच होता. ट्यूबच्या पट्टीने काम चोख केलं होतं.

"तुला बघत होतो," ते म्हणाले. "चष्मा पुसत होतीस."

बायकोचा हात त्यांच्या कॉलरवर थांबला. कानापर्यंत ती लाल झाली.

"किती दिवस?"

"बारा."

"द्राक्षं?"

"दोन."

"आणि मला सांगत होतात, आभाळ दिसतं!" तिने कॉलर सोडून दिली. "चोरून बघत होतात! स्वतःच्या बायकोला!"

"चोरून तूच..." असं काहीतरी ते म्हणायला लागले, पण फीत अजून गळ्याभोवती होती आणि मुकादम हाताची घडी घालून ऐकत होता.

दुसऱ्या दिवसापासून बायको दहा मिनिटं आधी एकटी निघू लागली. घरात बोलणं बंद नव्हतं, पण "मीठ द्या" आणि "दार लावा" यापलीकडे जात नव्हतं. काटकोन एकटेच सायकल चालवत. आता आरशात बस दिसायची, टेंपो दिसायचे, कुत्रा दिसायचा. कुत्राही कुणाला तरी शोधत असायचा. काटकोनांनी पहिल्या दिवशी सवयीने तोंड उघडलं आणि झडपेबद्दल दोन वाक्यं बोलून बंद केलं. ऐकायला कुणी नसताना ती त्यांनाच कंटाळवाणी वाटली.

शुक्रवारी पट्टा सुटला. मान दोन्हीकडे वळायला लागली. डॉक्टरीणबाईंकडून ते थेट वाचनालयात गेले आणि टेबलापुढच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला. बायकोने वर पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

"सभासद क्रमांक?" तिने हळू आवाजात विचारलं.

"सभासद नाही. एक पुस्तक हवं होतं."

"विषय?"

"हात सोडून सायकल चालवणं."

मागे उभ्या असलेल्या आजोबांनी कान टवकारले. बायकोने शाईचा शिक्का जागेवर ठेवला.

"असं पुस्तक नसतं."

"मग माणसं शिकतात कशी?"

"दुसऱ्याचं बघून."

"मी बारा दिवस बघितलं," काटकोन कुजबुजले. "जमेल असं वाटत नाही. कुणीतरी शिकवायला हवं." मग टेबलावर वाकून म्हणाले, "आणि खोटं बोललो, ते चुकलं."

वाचनालयात जोरात हसायला बंदी होती. बायकोने ओठ घट्ट दाबून रजिस्टरात बघितलं.

"रविवारी सकाळी सात. गोदामामागचं पटांगण. उशीर चालणार नाही. पुढचे!"

रविवारी पटांगणावर चिटपाखरू नव्हतं. काटकोन पावणेसातलाच येऊन उभे होते. बायकोने आधी स्वतः एक फेरी मारली, हात सोडून, मोठा गोल घेऊन, आणि त्यांच्यापुढे येऊन थांबली.

"हे कधी शिकलीस?"

"अकरा वर्षांची होते. मावशी टपाल वाटायची ना, तिने शिकवलं. ती चालत्या सायकलवर पत्रं लावून घ्यायची."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

बायको थोडा वेळ हँडलची मूठ चोळत राहिली. "लग्नानंतरचा पहिला सोमवार आठवतो? तुम्ही मला दारातच थांबवलंत आणि ब्रेक कसा दाबायचा ते शिकवलंत. वहीत आकृती काढून. इतकं मनापासून शिकवत होतात की मला 'येतं' म्हणवेना. म्हटलं, शिकवू दे. मग एकदा न सांगितलेलं सांगायचं राहूनच गेलं."

काटकोनांना ती आकृती आठवली. चांगली जमली होती. त्यांना पहिल्यांदाच त्या आकृतीची लाज वाटली.

"आणि माझं बोलणं? सगळं पाठ आहे तुला?"

"सव्वीस वर्षं तेच ऐकतेय, पाठ होईल नाही तर काय! पण इस्त्रीवाल्या बाईंकडे थांबले तरी चुकत काही नाही. तुम्ही कुठल्या वळणावर कुठे पोचलेले असता ते मला माहीत असतं. बसा आता. पाठ ताठ. हाताने नाही, कमरेने सायकल सरळ ठेवायची."

"कमरेचा कोन किती?"

"कोन बिन काही नाही! नुसतं बसायचं आणि समोर लांब बघायचं."

ती सीट धरून शेजारून पळू लागली. काटकोनांनी एक हात सोडला. दुसरा सोडायचं ठरवलं, पण बोटं ऐकेनात. पहिल्या रविवारी बोटांनीच जिंकलं. दुसऱ्या रविवारी दोन्ही हात सुटले आणि ते लगेच गवतात गेले. बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि गवतात पडलेले काटकोनही पडल्या पडल्या हसायला लागले. एव्हाना सकाळी दोघं पुन्हा एकत्र निघायला लागली होती. उतारावर "ब्रेक!" असं ओरडणं त्यांनी सोडलं होतं. मधूनच तिला विचारत, "तुझ्याकडे काय नवीन?" आणि वाचनालयात कोण कुठलं पान फाडून नेतो, कोण एकच पुस्तक नऊ वेळा नेतो, हे ऐकत ऐकत कचेरीचं फाटक मागे टाकून पुढे निघून जात.

तिसऱ्या रविवारी पटांगणातल्या पाण्याच्या टाकीपासून काटकोनांनी हात सोडले. सायकल जराशी डुलली, मग सरळ झाली. त्यांनी हात पसरले नाहीत, तेवढी हिंमत नव्हती. मांडीवर ठेवले, फोटोला बसल्यासारखे. दिव्याच्या खांबाच्या थोडं अलीकडे त्यांनी हँडल पकडलं आणि थांबले.

"बावीस मीटर!" ते ओरडले.

"अठरा!" टाकीजवळून बायको ओरडली.

"बावीस! माझी नजर आहे ती!"

"तुमच्या नजरेचं काय सांगता! वाळूचा ढीग दिसला नाही! अठरा म्हणजे अठरा!"

"थांब तिथेच! हलू नकोस!" काटकोन म्हणाले, आणि मोजायची टेप आणायला ते भरधाव घराकडे निघाले.